धर्मावर लिहिणं बंद केलं, आता घरी तळी उचलायची आहे

रामबागची_लेक (इंदूर)

मार्गशीर्ष तोंडावर आलाय आणि या वर्षी खंडोबाचा घट माझ्या घरी बसणार आहे. बाबा होते तोवर सगळं रामबागेतल्या घरी व्हायचं. ते गेल्यावर आईनं जमेल तसं निभावलं. आता ती माझ्याकडे सुदामानगरला राहायला आली आणि तिच्याबरोबर टाकांची डबीही आली. लाल खणात गुंडाळलेले तीन टाक आहेत: घोड्यावरचे खंडोबा-म्हाळसा, भवानी आणि एक वीराचा. पिढ्यान्‌पिढ्या अभिषेक होऊन खंडोबाचा चेहरा पार गुळगुळीत झालाय, नाक-डोळे काही उरलेलं नाही. घोड्याचा उचललेला पाय मात्र अजून बोटाला लागतो. आईला आता कमी दिसतं. ती त्या पायावरून अंगठा फिरवते आणि म्हणते, हा मल्हारी.

मी कोण ते थोडं सांगते, कारण विचारायचंय ते त्यातूनच आलंय. बरीच वर्षं मी धर्मावर लिहीत आले. माझा आवडता विषय म्हणजे अनेक देव मानणारी माणसं. आपली कुलदैवतं, ग्रामदेवता, आणि तिकडे युरोपात ख्रिस्ती होण्याआधीच्या जुन्या देवांकडे परत निघालेले पेगन लोक. आइसलँडमध्ये अशा लोकांनी १९७२ साली आपली संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी सरकारनं तिला मान्यता दिली. लिथुआनिया तर युरोपात सगळ्यांत शेवटी ख्रिस्ती झालेला देश, १३८७ साली. तिथले रोमुवा पंथाचे लोक अग्नी पेटवतात, भोवती उभं राहून जुनी गाणी म्हणतात. सरकार मान्यता देईना म्हणून ते युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. हे सगळं मराठीतून सांगताना मी जीव ओतला आणि त्याबद्दल मला आजही बरंच वाटतं.

पण होता होता लिहिण्याचा विषय देव राहिला नाही, माणसं झाली. कोण काय बोललं, कोणाचा धर्म जुना, कोणाचा उसना. रोज सकाळी एक बातमी आणि तिच्यावर माझं मत हवंच. खंडोबा शिवाचा अवतार की धनगरांचा आपला वेगळा देव, कर्नाटकातला मैलार आणि तेलंगणातला मल्लण्णा तोच का, यावर रात्र रात्र वाद व्हायचे. त्या वादात मल्हारी कुठेच नसायचा. तो कोणाला मत विचारत नाही. त्याला भंडारा लागतो, दिवा लागतो, षष्ठीला भरीत-भाकरी लागते, आणि ते वेळेवर लागतं.

लिथुआनियातली एक बाई ओळखीची झाली होती. तीही माझ्यासारखीच लिहायची. तिनं ते सोडलं आणि चार बायकांबरोबर सुतार्तिनेस गायला लागली. दोघीतिघींनी एकमेकींच्या आवाजात आवाज गुंफून म्हणायची ही जुनी गाणी, युनेस्कोनं २०१० मध्ये आपल्या यादीत घेतलेली. तिनं मला कळवलं की त्यांना बरंचसं जुन्या कागदांतून, वह्यांतून जुळवून घ्यावं लागतं, आणि माझ्याकडे तर विचारायला आई आहे. त्यांच्याकडे झाल्टिस नावाचा गवतातला साप पवित्र मानतात, पूर्वी घरात राहू द्यायचे, दूध द्यायचे. मी त्यावर आणि नागपंचमीवर सविस्तर लिहिलं होतं. आमच्याच घरी मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला बाजरीच्या पिठाचे नागदिवे करतात, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक. लहानपणी ते दिवे मी खाल्लेत. या वर्षी पीठ मी मळणार.

तेव्हा लिहिणं बंद. पूर्ण बंद. आता जे विचारायचंय ते असं. तळीला, म्हणजे भंडाऱ्याचं ताम्हण सगळ्यांनी मिळून उचलायला, पाच जण लागतात. घरात आई, मी आणि शाळेत जाणारी मुलगी. यजमान नोकरीसाठी बाहेरगावी. आई म्हणते, पुरुष असता तर बरं होतं. पण नकोच असंही म्हणत नाही. तुमच्याकडे कसं करतात? सहा दिवस नंदादीप तेवता ठेवायचा, मी नऊला घराबाहेर पडते आणि आईचे गुडघे तिला फार उठू देत नाहीत. शिवाय ज्यांनी असं बोलणं सोडून आचार धरला असेल त्यांनी हेही सांगा, की कोणी देवाबद्दल वाट्टेल ते बोललं की हात शिवशिवतात, त्याचं काय करता?


दांडियाबाजारच्या_काकू (वडोदरा)

अगं, तुझं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. आमच्याकडे तळीला पाच जण लागतात, पाच पुरुष नाहीत. माझ्या सासूबाईंनी सासरे गेल्यावर आम्हा दोघी सुना, माझी नणंद आणि शेजारच्या गुजराती बेन अशी तळी उचलली होती आणि तेव्हापासून तेच चालू आहे. देवानं कधी तक्रार केली नाही. तुमच्या घराण्याची रीत तुझ्या आईच्या तोंडून जी येईल तीच खरी, पण ती नको म्हणत नाहीये ना, मग झालं.

पद्धत सांगते, कारण आईला ऐन वेळी सगळं आठवेलच असं नाही. ताम्हणात विड्याची पानं मांडायची, त्यावर सुपारी, पैसा, खोबरं, आणि भंडारा भरपूर. सगळ्यांनी ताम्हणाला हात लावायचा आणि "सदानंदाचा येळकोट" म्हणत तीनदा उचलायचं. आवाज मोठा हवा. पुटपुटू नकोस, इमारतीतले लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस. मग दिवटी पेटवायची आणि जेजुरीच्या दिशेनं चार पावलं चालून ओवाळायचं, परत जागेवर यायचं, ताम्हण कपाळाला लावायचं, आणि दिवटी दुधानं शांत करायची. फुंकर मारायची नाही हं. दुधाचा तो चर्र आवाज येतो आणि खोलीभर करपट-गोड वास राहतो, मला तोच चंपाषष्ठीचा वास वाटतो.

दिशेचं आधी बघून ठेव. इथून बडोद्याहून जेजुरी दक्षिणेला, जराशी पूर्वेकडे. तुझ्याकडून दक्षिणच, पण थोडी पश्चिमेकडे. फ्लॅटमध्ये चार पावलं पुढे भिंत येते, म्हणून आम्ही देवघरातून निघून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत जातो.

त्या बेनचं सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षी प्रसादाचं ताट दिलं तर त्या म्हणाल्या, हा तर आमचा ओळो अने रोटलो, हिवाळाभर आम्ही हेच खातो! मी त्यांना सांगितलं, आम्ही चातुर्मासात वांगं-कांदा-लसूण सोडतो आणि आज पहिल्यांदा देवाला दाखवून खातो. तेव्हापासून वांगी त्या आणतात, स्वतः निवडून, देठ हिरवा बघून.


लष्करचे_मास्तर (ग्वाल्हेर)

ताई, तुमच्या निर्णयाचा आदर ठेवून एक वेगळं मत मांडतो. देवाबद्दल बोलणं हीदेखील सेवा आहे. आमच्या ग्वाल्हेरात ढोलीबुवांच्या मठाची कीर्तनपरंपरा आहे. दर डिसेंबरात तानसेन समारोह सुरू होतो तो तानसेनांच्या समाधीपाशी, सकाळी, सनईनं, आणि मग ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा आणि मुसलमानांचं मिलाद-पठण. थंडीत शाल पांघरून मी ती हरिकथा ऐकत आलो आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग म्हणजे निव्वळ निरूपण. एक अभंग घ्यायचा आणि त्याचं अंग न्‌ अंग उलगडून दाखवायचं. म्हणजे भाष्यच की. तेव्हा देवाबद्दल बोलणारा देवापासून लांब जातो असं मी मानणार नाही.

मात्र कीर्तनकार कुठे उभा असतो ते पाहावं. देवासमोर, अंगाला बुक्का लागलेला, गळ्यात हार, मागे टाळ-पेटी. आधी नमन होतं, मग निरूपण, शेवटी आरती. समोर बसलेल्याला तो उत्तर देत नाही, कथा सांगतो. आरती झाली की वाद शिल्लक राहत नाही, प्रसाद वाटला जातो. बोलण्याला असा पुढून-मागून देव लागलेला असेल तर ते बोलणं चालू ठेवावं. तुम्हाला इतकी माहिती आहे, लिथुआनियाच्या सापाची गोष्ट नागदिव्याच्या दिवशी मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना सांगा. दिवे समोर असताना सांगा. माझी एवढीच विनंती आहे की ज्ञान अगदी कुलूपबंद करू नका.


राजवाड्याजवळचा (इंदूर)

ताई, मी तुमचं लिखाण वाचत आलोय, म्हणून स्पष्ट बोलतो. तुम्ही थांबलात तर मैदानात उरणार कोण? ज्यांना काही ठाऊक नाही तेच गळा काढतात. होळकरांच्या राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मराठी पोरांना तुमच्यामुळे कळलं. १९८४ च्या आगीत वाड्याचा केवढा भाग गेला, मग पुन्हा बांधकाम झालं, तिथे देव कसा आहे, हे तुम्ही लिहिलं म्हणून आम्ही जाऊन बघितलं. मी त्याआधी समोरून रोज जायचो, चाट खायला सराफ्यात, आणि आत पाऊल टाकलं नव्हतं.

आणखी एक, माझे मित्र हिंदीभाषक आहेत, त्यांचं अगहन आधीच लागलंय म्हणतात. मग चंपाषष्ठी नक्की कधी? असं काही अडलं की आम्ही विचारायचं कोणाला?


रामबागची_लेक (इंदूर)

काकू, दिवटी दुधानं शांत करायची हे आईला विचारलं. ती म्हणाली, "हो, आणि दूध वाटीत काढून आधीच जवळ ठेव, तेव्हा धावाधाव नको." बाबा दिवटी हातात धरायचे आणि आजी दूध घालायची, हे तिला अचानक आठवलं. दिवटी-बुधली पण डबीच्या खाली, जुन्या टॉवेलात निघाली. बुधलीच्या तोंडाशी जुनं तेल घट्ट चिकट होऊन बसलं होतं. चिंच आणि राखेनं घासली, आता पितळ दिसायला लागलंय.

मास्तर, तुम्ही जे म्हणालात ते मी दोनदा वाचलं. पटलं, पण अर्धंच. कीर्तनकाराला निरूपणाचा अधिकार येतो तो रोजच्या उभं राहण्यातून. तो अभंगावर बोलतो तेव्हा तो अभंग त्यानं हजार वेळा गायलेला असतो. मी तळीबद्दल बोलत होते ती वाचून. मला आधी उचलू द्या. मुलीला सापाची गोष्ट नक्की सांगेन, ते कबूल, कारण तिथे ती पिठात हात घालून बसलेली असेल आणि तिला खरंच जाणून घ्यायचं असेल.

आणि भावा, मैदानात कोण उरणार ही काळजी मी फार केली. आता ती करणार नाही. रोमुवावाल्यांचं बघ. सोव्हिएत काळात त्यांना धर्म म्हणून उघड काही करायची सोय नव्हती, तेव्हा लोकगीतांच्या मेळाव्यांतून, दक्षिणायन लागतं त्या जूनमधल्या रात्री शेकोट्या पेटवून माणसांनी हे धरून ठेवलं. त्यांचा बचाव करणारी भाषणं कोणी ऐकली असतील-नसतील, गाणी पाठ होती म्हणून पुढच्यांना काहीतरी मिळालं. आमच्या घरात तळीचे शब्द आज एकट्या आईला पाठ आहेत. कोणी खंडोबाला काहीही म्हणो, त्यानं खंडोबाचं काही जात नाही. आई गेल्यावर आम्हाला तळी येत नसेल तर मात्र आमच्या घरातून तो जाईल. मला या दोन गोष्टींतली एकच करायला वेळ आहे आणि मी निवड केली आहे.

तारखेचं सोपं आहे. उत्तरेकडचे पंचांगवाले महिना पौर्णिमेनंतर सुरू करतात, म्हणून त्यांचा अगहन कार्तिकी पौर्णिमा झाली की लागतो. आपला मार्गशीर्ष अमावास्येनंतर लागतो, पंधरा दिवस मागून. शुक्ल पक्ष दोघांचा एकच असतो. तेव्हा शुद्ध षष्ठी त्यांची आणि आपली एकाच दिवशी. असं काही अडलं तर घरी येऊन विचार, मी चहा ठेवेन. तेवढं दार उघडं आहे.


होळकरी_धनगर (इंदूर)

जय मल्हार. आम्ही फार लिहिणारी माणसं नाही, पण दिव्याचं कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो.

नंदादीपाला लांब वात घ्या, जाड नको, जाड वात लवकर काजळते. समई खोल असावी. सकाळी निघताना तेल काठोकाठ भरा, काजळी चिमट्यानं हलकेच काढा. आमच्या आजीची रीत अशी की मुख्य दिव्याशेजारी एक लहान दिवा त्याच ज्योतीवरून लावून ठेवायचा. मोठा शांत झाला तर छोट्यावरून पुन्हा लावायचा, छोटा झाला तर मोठ्यावरून. तुमच्या आईंना उठावं लागू नये म्हणून समई पाटावर न ठेवता त्यांच्या खुर्चीच्या उंचीला, चौरंगावर ठेवा. खिडकी बंद. आणि चुकून दोन्ही शांत झाले तर पुन्हा लावा, नमस्कार करा, भंडारा वाहा. घाबरायचं नाही. आमचे वडील मेंढरांमागे रानात असायचे, तिथे वाऱ्यात कुठला नंदादीप. तिथे दगडाला भंडारा लावला की देव झाला.

तुम्ही लिहिणं सोडलंत यात मला काही वावगं दिसत नाही. देवी अहिल्येनं राज्य शिवाचं म्हणून चालवलं, हुकमावर स्वतःचं नाव न घालता "श्री शंकर" लिहिलं. काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये बांधून दिलं, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा. तिचा धर्म काय होता हे आम्हाला त्या पायऱ्यांवरून कळतं.

हात शिवशिवण्यावर माझ्याकडे एक उपाय आहे. षड्‌रात्रात रोज एक माळ लागते. झेंडूची फुलं आणून संध्याकाळी ओवत बसा. हातात सुई असली की फोन घेता येत नाही. मला राग फार यायचा, बायकोनं हे काम माझ्याकडे दिलं.

पाच जणांचं म्हणाल तर आम्ही नवरा-बायको अन्नपूर्णा देवळाच्या बाजूला राहतो, सुदामानगर जवळच आहे. तुम्ही तिघी आणि आम्ही दोघं. आमची तळी सकाळी होते, तुमची संध्याकाळी ठेवा. तुमच्या आईंना विचारून सांगा.


लष्करचे_मास्तर (ग्वाल्हेर)

ताई, अर्धं पटलं म्हणालात, तेवढं मला पुरे. आधी उचला, हे तुमचं म्हणणं मान्य. पुढच्या वर्षी मात्र मी पुन्हा विचारणार आहे.


रामबागची_लेक (इंदूर)

दादा, आईला वाचून दाखवलं. तुमचा आजीचा छोटा दिवा तिला फार आवडला, म्हणाली रामबागेत असा दुसरा दिवा नव्हता पण असायला काय हरकत आहे. आणि तळीचं ऐकून तिनं लगेच विचारलं की तुम्ही जोडीनं येणार का, म्हणजे बायकोची ओटी भरायला खण काढून ठेवते. तेव्हा या. षष्ठीला संध्याकाळी दिवेलागणीला. पत्ता वेगळा कळवते.

बाजरी आणि जोंधळे सियागंजातून आणायचे ठरलेत. वांगी मी आणते. पातीचा कांदा तुमच्याकडे ताजा मिळत असेल तर जुडी घेऊन या.

काकू, एकच राहिलं. ठोंबऱ्यात आई दही घालते, पण जोंधळे भरडून घ्यायचे की अख्खे शिजवायचे यावर तिचं आणि मावशीचं फोनवर जुंपलंय. तुमच्याकडे काय करता?


दांडियाबाजारच्या_काकू (वडोदरा)

अख्खे. रात्री भिजत घाल, सकाळी कुकरला भरपूर शिट्ट्या दे, दाणा बोटानं दाबला की फुटला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर दही आणि मीठ, गरमात घातलंस तर दही फाटेल. आणि आईचं म्हणणं वेगळं निघालं तर माझं सोडून दे, तिचं कर. पहिला घास बाहेरच्या कुत्र्याला, मग घरातल्यांना.